शनिवार दुपार ते रविवार रात्र

कुताइसीहून बारीला विमान तीन-साडेतीन तासांत येतं.
मला यायला अकरा वर्षं लागली.

लामारा विमानतळावर नव्हती.
सिन्योराची मुलगी एकला येईल, फोनवर म्हणाली,
तोवर मला हलता येत नाही,
तू बस घे, समुद्र दिसला की उतर.
समुद्र दिसला. बघत बसले, उतरायचं राहिलं.
एक थांबा मागे चालत आले,
बॅगेत आंबट आलुबुखारांच्या चटणीची बाटली,
तिच्याच अंगणातले अक्रोड,
आणि एक प्रश्न, जो कशात गुंडाळावा ते कळलं नव्हतं.

आमच्या शाळेत ती पदार्थविज्ञान शिकवायची.
वीज नसायची त्या हिवाळ्यांत
फळ्यावर सर्किट काढून म्हणायची,
"आता समजा, इथे दिवा लागला."
आणि कोट-टोप्या घालून बसलेली पोरं
माना डोलवायची : लागला.

इटालियन ती शिकली सिन्योराच्या तक्रारींतून.
दुखण्याला तिच्याकडे नऊ शब्द आहेत.
आइसक्रीमच्या दुकानात मात्र
तिने नुसतं बोट दाखवलं.

धक्क्यावर एक कोळी ऑक्टोपस दगडावर आपटत होता.
"तंतू तुटतात, मग मऊ होतो," लामारा म्हणाली,
तोच जुना, तासावरचा आवाज.
किती वेळा आपटला ते दोघींनी मोजलं.
आकडे जुळले नाहीत.

रात्री खोलीवर. सुट्टीपुरती
चार जणींनी मिळून भाड्याने घेतलेली, पलंग एकच.
कोण गेलं, कुणाचं लग्न मोडलं,
शाळेत आता एकोणीस पोरं उरलीत, असं सगळं.
तिच्या पैशांनी घातलेलं घराचं लाल छप्पर
मला रोज रस्त्यावरून दिसतं.
खाली कुणी राहत नाही हे मी सांगितलं नाही.
माहीत आहे, हे तिने सांगितलं नाही.

तीनला तिचे हात आले.
एक माझ्या खांद्याखाली, एक कमरेखाली.
"पियानो, पियानो," हळू, हळू, असं पुटपुटत
तिने मला भिंतीकडच्या कुशीवर वळवलं,
पाठीशी उशी लावली,
चादरीची सुरकुती तळव्याने सपाट केली.
कूस बदलत राहिलं नाही
तर म्हाताऱ्यांची कातडी फाटते म्हणे.
मी पंचावन्नची. डोळे मिटून पडून राहिले.
इतक्या जपून मला कुणी हलवलं नव्हतं,
नवरा होता तेव्हाही.

रविवारी सकाळी स्टेशनामागच्या मोकळ्या जागेत
पांढऱ्या व्हॅन, घरी जाणारी खोकी,
खोक्यांवर आमच्या गोल गोल अक्षरांत गावांची नावं.
जवळ काटा नव्हता. त्सियाला, पूर्वी मँगनीजच्या खाणीत हिशेबनीस,
खोकं उचलून सांगत होती : बावीस किलो. एकोणीस.
ड्रायव्हर वाद घालत नव्हता.
"म्हाताऱ्या उचलून उचलून येतो अंदाज,"
ती म्हणाली, आणि सगळ्या हसल्या,
मीही, अर्धा क्षण उशिरा.

प्रश्न जिभेवर होता. तेवढ्यात कुणीतरी चीजची रोटी पुढे केली.

आठ वाजता ती परत वर गेली, सिन्योराकडे.
दारात मिठी मारताना घड्याळ बघितलं तिने,
मला कळू नये अशा बेताने,
आणि मला कळलं.

सोमवारी पहाटे विमानतळावर फोन वाजला.
"अल्तामुराला एक म्हातारी आहे. त्रेपन्न किलो.
तिसरा मजला, लिफ्ट चालू.
झोपलेलं माणूस उचलायला जड लागतं.
तू हलकी होतीस.
विचार करून सांग.
चटणीत मीठ कमी पडलंय."